माहितीचा वृक्ष व त्यास विचारावयाचे प्रश्न



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. दहावीच्या वर्गातील आमची एक विद्यार्थिनी शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी शाळेच्या संगणकासमोर बसली होती. ती मूळची भैंसा भागातील एका खेड्याची. मामाच्या घरी राहून आमच्या शाळेत शिकत असे. अर्जाच्या पानाने प्रथम राज्य विचारले, मग जिल्हा, मग मंडळ आणि शेवटी गाव. जन्माच्या दाखल्यावर जिल्हा ‘आदिलाबाद’ असा होता, म्हणून तिने आदिलाबाद निवडले. पुढच्या यादीत भैंसा नव्हतेच! बरे, निर्मळ जिल्हा निवडावा, तर अर्ज दाखल्याशी जुळत नाही म्हणून परत येई. तिसऱ्या दिवशी तिचे वडील शेतातून तडक शाळेत आले आणि म्हणाले, “गुरुजी, गाव तर जागच्या जागी आहे, मग यंत्राला सापडत कसं नाही?”

त्या साध्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या क्षणी देता आले नाही. आम्ही कला शाखेचे पदवीधर. भाषा व इतिहास हे आमचे विषय. परंतु प्रश्न मनात राहिला. पुढे शाळेतील एका जुन्या संगणकावर, वरच्या वर्गातील काही मुलांना हाताशी धरून, आमच्या विद्यार्थ्यांच्या गावांची एक लहानशी नोंदवही आम्ही तयार केली. ती करताना जे शिकलो, ते या लेखात मांडीत आहोत. तुमच्यापैकी काहीजण उद्या संकेतस्थळे घडविण्याचा व्यवसाय कराल. तुमच्या हातून असे पान घडू नये की ज्यात एखाद्या मुलीचे गाव सापडणार नाही, एवढाच या लेखनाचा हेतू.

१. माड आणि वड

आमची मातृभाषा कोंकणी. आमच्या मूळ घरामागे माड होते. माडाला फांद्या नसतात. एक सरळ खोड आणि माथ्यावर झावळ्यांचा झुबका. वर्गाचा हजेरीपट हा माडासारखा असतो. एकाखाली एक नावे. कोणी कोणाच्या पोटात नाही.

परंतु पुष्कळशी माहिती माडासारखी सरळ नसते. राज्याच्या पोटात जिल्हे, जिल्ह्याच्या पोटात मंडळे, मंडळाच्या पोटात गावे. घराण्याची वंशावळ, ग्रंथालयातील विषयवारी, पुस्तकातील प्रकरणे व उपप्रकरणे, या सर्वांची घडण अशीच. संगणकशास्त्रात या घडणीला ‘वृक्ष’ असेच म्हणतात. ज्याच्यावर कोणी नाही ते मूळ, ज्याच्याखाली कोणी नाही ते पान. मुळाखेरीज प्रत्येकाला एक आणि एकच पालक असतो, हा वृक्षाचा नियम. हा नियम ध्यानात ठेवावा. लेखाच्या शेवटी त्याचीच परीक्षा व्हावयाची आहे.

मोठ्या माहितीसंग्रहांच्या आरंभीच्या काळात सारी माहितीच वृक्षाच्या आकारात ठेवीत. चंद्रावर माणूस पाठविण्याच्या अपोलो मोहिमेसाठी सॅटर्न-५ हे अग्निबाण घडवीत असताना त्याच्या असंख्य सुट्या भागांची यादी ठेवणे भाग होते. त्यासाठी आयबीएम कंपनीने १९६० च्या दशकात ‘आयएमएस’ नावाची प्रणाली तयार केली. मोठा भाग, त्यातील उपभाग, त्यातील खिळे व चकत्या, अशी ती वृक्षाकार मांडणी होती. तिची अडचण अशी की, मुळापासून खाली उतरत जाणारा प्रश्न सोपा. पण ‘हा एक खिळा कोणकोणत्या भागांत वापरला आहे?’ असा उलटा प्रश्न विचारला की यंत्राची दमछाक होई.

१९७० मध्ये आयबीएमच्याच सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील गणितज्ञ एडगर कॉड यांनी निराळा मार्ग दाखविला. सर्व माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, तक्त्यांतील नाते क्रमांकांनी सांगावे, आणि हवा तो प्रश्न हव्या त्या बाजूने विचारावा. १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्याची एक भाषा मांडली. तिचेच पुढचे रूप म्हणजे आजची ‘एसक्यूएल’. डेटाबेस हा शब्द आज आपण ऐकतो तेव्हा बहुधा कॉड यांच्या विचारावर उभारलेला तक्त्यांचा संग्रहच अभिप्रेत असतो.

२. तक्त्यात वृक्ष कसा मावतो

वृक्षाला फांद्या आणि तक्त्याला तर नुसत्या ओळी. मग वृक्ष तक्त्यात मावावा कसा? युक्ती फार सोपी आहे. प्रत्येक ओळीत त्या ठिकाणाचा क्रमांक, त्याचे नाव आणि त्याच्या पालकाचा क्रमांक एवढेच लिहावे. आमच्या नोंदवहीतील काही ओळी नमुन्यादाखल देतो. समजण्यास सोपे जावे म्हणून मधला महसूल विभागाचा थर येथे वगळला आहे.

क्रमांक १, तेलंगणा, पालक नाही.
क्रमांक २, आदिलाबाद, पालक १.
क्रमांक ३, निर्मळ, पालक १.
क्रमांक ४, बेला, पालक २.
क्रमांक ५, जैनद, पालक २.
क्रमांक ६, भैंसा, पालक ३.
क्रमांक ७, मुधोळ, पालक ३.

या ७ ओळींवरून कोणीही कागदावर झाड काढू शकेल. येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. पालकाचे नाव न लिहिता क्रमांकच का लिहावा? आपण मराठीत ‘निर्मळ’ म्हणतो. तेलुगूत ‘निर्मल’ लिहितात. रोमन लिपीत आणखी तिसरेच रूप. नाव माणसांसाठी असते, ते बदलते आणि अनेक तऱ्हांनी लिहिले जाते. क्रमांक यंत्रासाठी असतो आणि तो एकदा दिला की बदलू नये. २०११ च्या जनगणनेत गावांना सहा आकडी क्रमांक दिले गेले, त्यामागे हाच विचार आहे. एकाच नावाची दोन गावे असली तरी क्रमांक दोन असतात, आणि एका गावाची दोन नावे असली तरी क्रमांक एकच राहतो.

३. प्रश्न विचारण्याच्या रीती

आता प्रश्नांकडे वळू. आदिलाबाद जिल्ह्यातील मंडळे कोणती, हा प्रश्न एसक्यूएलमध्ये साधारण असा होतो: सिलेक्ट नाव फ्रॉम ठिकाणे व्हेअर पालक = २. म्हणजे, ‘ठिकाणे’ या तक्त्यातील ज्या ज्या ओळींत पालक २ आहे, त्या ओळींतील नावे दे. उत्तर येते: बेला, जैनद.

परंतु ‘तेलंगणाच्या पोटातील सर्व काही दे’ असे म्हटले तर? मुले, नातवंडे, पतवंडे, सारीच हवीत. किती पिढ्या खाली जावे लागेल हे आधी ठाऊक नसते. यासाठी पुनरावर्ती प्रश्न विचारतात. त्याची कृती अशी: प्रथम तेलंगणा हातात घ्या. ज्यांचा पालक तेलंगणा आहे ते गोळा करा. जे गोळा झाले त्यांची मुले गोळा करा. नवीन कोणी मिळेनासे झाले की थांबा. एसक्यूएलच्या १९९९ च्या प्रमाण आवृत्तीत या रीतीला स्थान मिळाले. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ती २००९ पासून, आमच्या शाळेत वापरलेल्या लहानशा एसक्यूलाइटमध्ये २०१४ पासून, तर मायएसक्यूएलमध्ये २०१८ पासून उपलब्ध आहे.

यात एक धोका आहे. नोंद करणाराच्या चुकीने आदिलाबादचा पालक बेला असा लिहिला गेला, तर आदिलाबादचे मूल बेला आणि बेलाचे मूल आदिलाबाद! घाण्याच्या बैलाप्रमाणे यंत्र फिरतच राहील. म्हणून एकदा भेटलेल्या ठिकाणाची खूण ठेवावी आणि ते पुन्हा भेटल्यास थांबावे.

वृक्ष मांडण्याच्या आणखीही दोन रीती आहेत. एकीत प्रत्येक ओळीत मुळापासूनची पूर्ण वाट लिहितात. बेल्याची वाट १/२/४, भैंशाची १/३/६. ‘ज्यांची वाट १/२/ ने सुरू होते ते दे’ म्हटले की आदिलाबादचे सारे कुटुंब एका दमात हाती येते.

दुसऱ्या रीतीत वृक्षाला प्रदक्षिणा घालतात. मुळापासून निघावे, प्रत्येक फांदीवर जाताना एक आकडा आणि परतताना दुसरा आकडा लिहीत जावे. वरच्या ७ ठिकाणांना असे १४ आकडे लागतात: तेलंगणा १ व १४, आदिलाबाद २ व ७, बेला ३ व ४, जैनद ५ व ६, निर्मळ ८ व १३, भैंसा ९ व १०, मुधोळ ११ व १२. आता आदिलाबादची संतती कोणती? ज्यांचा पहिला आकडा २ आणि ७ यांच्यामध्ये आहे ती. जो सेल्को या अमेरिकन लेखकाने ही रीत पुष्कळ लोकप्रिय केली.

मग उत्तम रीत कोणती? ज्याचा वृक्ष क्वचितच बदलतो आणि वारंवार वाचला जातो, त्याने वाटेची किंवा प्रदक्षिणेची रीत घ्यावी. ज्याच्या फांद्या हलतात, त्याने पालकक्रमांकाची. कारण प्रदक्षिणेच्या रीतीत जैनदच्या शेजारी एक नवे मंडळ घालावयाचे झाले, तर त्यापुढचे सारे आकडे पुन्हा लिहावे लागतात. वाटेच्या रीतीत भैंसा हलविले तर त्याखालील प्रत्येक गावाची वाट पुसून नवी लिहावी लागते. पालकक्रमांकाच्या रीतीत मात्र भैंशाच्या ओळीतील एकच आकडा बदलला की त्याची सारी गावे आपोआप त्याच्यामागे जातात.

याच प्रकरणात दोन चुका सांगून ठेवतो. पहिली चूक वारंवार फेऱ्या मारण्याची. ३०० विद्यार्थ्यांची यादी करावयाची आहे. प्रत्येकापुढे गावाचे नाव हवे. नवशिका मनुष्य आधी विद्यार्थ्यांची यादी मागवितो आणि मग एकेका विद्यार्थ्यासाठी डेटाबेसला गावाचे नाव विचारतो. झाले ३०१ प्रश्न! गूळ, मीठ आणि काड्यापेटी आणावयास तीन वेळा बाजारात जाणाऱ्या माणसासारखे हे झाले. दोन तक्ते गावाच्या क्रमांकावर जोडून सारे एकाच प्रश्नात मागवावे. यालाच जोड अथवा ‘जॉइन’ म्हणतात.

दुसरी चूक अधिक घातक. वाचकाने पडद्यावर टंकलेला मजकूर जसाच्या तसा प्रश्नाच्या वाक्यात चिकटवू नये. पूर्वी टपालकचेरीत मनीऑर्डरचा छापील फॉर्म मिळत असे. निरोपाच्या चौकटीत कोणी काहीही लिहिले तरी रकमेच्या चौकटीतील आकडा बदलत नसे, कारण चौकटी वेगळ्या होत्या. प्रश्नाचा साचा आधी पक्का करावा आणि वाचकाने दिलेला मजकूर वेगळ्या चौकटीत पाठवावा. असे न केल्यास एखादा दुष्ट मनुष्य गावाच्या नावाच्या जागी ‘सारा तक्ता पुसून टाक’ अशी आज्ञा लिहील आणि यंत्र ती निमूटपणे पाळील.

४. वृक्षाच्या मदतीस वृक्ष

लक्षावधी ओळींतून हवी ती ओळ यंत्राला क्षणात कशी सापडते? पुस्तकाच्या शेवटी जशी सूची असते, तशी डेटाबेसमध्येही असते. गंमत अशी की ही सूचीदेखील बहुधा वृक्षाच्याच आकाराची असते. रुडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्राइट या दोघांनी बोइंग कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत असताना तिची कल्पना मांडली. त्यांचा प्रसिद्ध निबंध १९७२ मध्ये छापला गेला. तिला ‘बी-ट्री’ म्हणतात. समजा, तिच्या प्रत्येक गाठीवर १०० फाटे आहेत. पहिल्या पायरीवर १००, दुसरीवर १०,००० आणि तिसरीवर १०,००,००० नोंदी झाल्या. म्हणजे दहा लाख नोंदींतून हवी ती नोंद तीन पायऱ्यांत हाती येते. आपल्या तक्त्यात ‘पालक’ या रकान्यावर अशी सूची अवश्य असावी. नाहीतर प्रत्येक प्रश्नासाठी यंत्राला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचीत जावे लागते.

५. पडद्यावरील वृक्ष

डेटाबेसमधील वृक्ष वाचकाला दिसत नाही. त्याला दिसतो तो पडद्यावरील वृक्ष: नावापुढे लहानसे चिन्ह, ते दाबले की पोटातील नावे खाली उलगडतात, पुन्हा दाबले की मिटतात. संकेतस्थळे घडविणाऱ्यांच्या हत्यारपेटीतील हा एक नेहमीचा घटक होय. तो बरा की वाईट हे ओळखण्याच्या काही खुणा सांगतो.

पहिली खूण काटकसरीची. तेलंगणातील गावांची संख्या दहा हजारांच्या घरात आहे. ती सारी नावे पान उघडताच पाठविली, तर खेड्यातील मंद जोडणीवर पान उघडेपर्यंत चहा निवेल. म्हणून आधी जिल्हे तेवढे पाठवावे; जिल्हा उलगडला की त्याचीच मंडळे मागवावी; मंडळ उलगडले की त्याचीच गावे. आलेली नावे जवळ ठेवावी, म्हणजे तीच फांदी पुन्हा उलगडताना पुन्हा प्रश्न करावा लागत नाही.

दुसरी खूण सर्वांच्या सोयीची. ज्याला उंदीर चालविता येत नाही किंवा ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, त्यालाही वृक्षावर चढता-उतरता आले पाहिजे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार वर-खालच्या बाणांनी नावांवरून सरकावे, उजव्या बाणाने फांदी उलगडावी, डाव्या बाणाने मिटावी. वाचून दाखविणाऱ्या यंत्राला आपण कितव्या पायरीवर आहोत आणि फांदी उलगडलेली आहे की मिटलेली, हेही सांगता आले पाहिजे.

तिसरी खूण आपल्या भाषेची. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’ च्या नंतर येतो. संगणकातील अक्षरांच्या युनिकोड क्रमात मात्र तो ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये बसविलेला आहे. तेव्हा केवळ अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर विसंबून नावे लावली, तर ती मराठी अकारविल्ह्याने लागत नाहीत. डेटाबेसला ‘मराठी क्रमाने लाव’ असे वेगळे सांगावे लागते. शब्दकोश चाळण्याची सवय असलेल्या वडीलधाऱ्या माणसाला चुकीच्या जागी गेलेले नाव सापडत नाही, आणि मग तो स्वतःलाच दोष देत बसतो.

६. फांदी हलते तेव्हा

आता त्या मुलीच्या वडिलांच्या प्रश्नाकडे येऊ. गाव जागच्या जागी होते. हलली होती ती फांदी. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी तेलंगणातील १० जिल्ह्यांचे ३१ जिल्हे झाले. जुना आदिलाबाद जिल्हा ५२ मंडळांचा होता. त्यातून आदिलाबाद, निर्मळ, मंचेरियाल आणि कुमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे निघाले. नव्या आदिलाबादमध्ये तेव्हा १८ मंडळे राहिली, आणि त्यांतीलही गादीगुड्यासारखी काही त्याच वेळी नव्याने पाडलेली होती. भैंसा व मुधोळ निर्मळकडे गेली.

आमच्या भागाला हे नवे नव्हे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा हैदराबाद राज्य विभागले गेले. आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा व किनवट हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडल मुंबई राज्यात गेले. उलट नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडले आंध्र प्रदेशात आली. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर सोयरिकी तशाच राहिल्या. कागदांवरची वाट मात्र बदलली. पुढे १९८५ मध्ये आंध्र प्रदेशात तालुक्यांच्या जागी लहान मंडळे आली, तेव्हा वृक्षाचा एक सबंध थरच बदलला.

अर्जाच्या त्या पानाने फक्त आजचा वृक्ष ठेवला होता. कालचा पुसून टाकला होता. मुलीचा दाखला कालच्या वृक्षाचा आणि यादी आजच्या वृक्षाची. यावर उपाय असा की, पालकाचा क्रमांक ठिकाणाच्या ओळीत न ठेवता नात्यांचा एक वेगळा तक्ता करावा, आणि प्रत्येक नात्याला दोन तारखा द्याव्या: कधीपासून, आणि कधीपर्यंत. ‘पर्यंत’ च्या रकान्यात नाते संपले तो दिवस लिहावा, म्हणजे त्या दिवसापासून पुढचे नाते सुरू होते आणि मध्ये एका दिवसाचीही फट राहत नाही. पाहा:

किनवट, जिल्हा आदिलाबाद, पर्यंत १-११-१९५६.
किनवट, जिल्हा नांदेड, पासून १-११-१९५६, चालू.
मुधोळ, जिल्हा नांदेड, पर्यंत १-११-१९५६.
मुधोळ, जिल्हा आदिलाबाद, पासून १-११-१९५६, पर्यंत ११-१०-२०१६.
मुधोळ, जिल्हा निर्मळ, पासून ११-१०-२०१६, चालू.

मुधोळात घर असलेला एखादा आजोबा १९५० साली जन्मला असेल, मुलगा १९८० साली आणि नात २०१८ साली. तिघांचा जन्म एकाच घरात झाला, तरी तिघांच्या दाखल्यांवर जिल्हे तीन: नांदेड, आदिलाबाद, निर्मळ. तिघांचेही दाखले खरे! डेटाबेसला प्रश्न विचारताना ‘अमुक दिवशी’ हे दोन शब्द जोडले की तिन्ही उत्तरे बिनचूक येतात: ‘पासून’ ची तारीख त्या दिवसाची, आधीची किंवा कोरी, आणि ‘पर्यंत’ ची तारीख त्या दिवसानंतरची किंवा कोरी, अशी ओळ दे. अर्जाच्या पानाने दाखल्याची तारीख विचारून एवढा एक प्रश्न केला असता, तर त्या मुलीचे आठ दिवस वाया गेले नसते.

७. एका पानास दोन देठ

वृक्षाचा नियम आपण आरंभी पाहिला: प्रत्येकाला एकच पालक. परंतु जग नेहमी हा नियम पाळते काय? कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातील केरामेरी मंडळ आणि चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुका यांच्या सीमेवर परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर अशी काही गावे आहेत. अनेक दशके ही गावे दोन्ही राज्यांच्या याद्यांत नोंदलेली राहिली. तेथील कुटुंबांकडे दोन राज्यांची शिधापत्रिका, दोन राज्यांच्या मतदारयाद्यांत नावे, गावात दोन ग्रामपंचायती, मराठी शाळा व तेलुगू शाळा, असे चित्र वृत्तपत्रांतून वारंवार आले आहे.

अशा गावाला आपल्या साध्या तक्त्यात जागाच नाही. कारण पालकाचा रकाना एक आणि पालक दोन. घाईचा कारागीर काय करील? तो एक पालक पुसून टाकील, किंवा त्याच गावाच्या दोन वेगळ्या क्रमांकांनी दोन ओळी करील. पहिल्या रीतीत माणसांचा अर्धा व्यवहार नाहीसा होतो; दुसऱ्या रीतीत तीच माणसे दोनदा मोजली जातात. नात्यांचा वेगळा तक्ता येथेही उपयोगी पडतो. गावाचा क्रमांक एकच ठेवावा, नाती मात्र दोन लिहावी, आणि प्रत्येक नात्यापुढे ते कोणाच्या नोंदीवरून धरले हे लिहावे. पडद्यावरील वृक्षात गाव दोन्ही फांद्यांवर दिसेल. मोजणी करताना क्रमांक एकच असल्याने ते एकदाच मोजता येईल. सीमेचा निवाडा करणे हे डेटाबेसचे काम नव्हे. दोन दावे आहेत हे खरेपणाने लिहून ठेवणे एवढेच त्याचे काम.

वडाच्या पारंब्या जमिनीत रुजल्या की कोणते मूळ खोड आणि कोणती पारंबी हे सांगणे कठीण होते. तरीही झाड एकच असते. आमच्या कोंकणीभाषक घराला मराठी शाळा जवळची वाटली, आणि तुमच्यापैकी कित्येकांच्या घरात मराठी, अंगणात गोंडी किंवा बंजारा बोली आणि बाजारात तेलुगू आहे. दोन देठांनी जगणे या मुलखात नवलाचे नाही. यंत्राला ते शिकवावे लागते इतकेच.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. आठ दिवसांच्या खेपांनंतर एका तरुण लेखनिकाने गावाचा जनगणनेतील क्रमांक काढून दोन्ही जिल्ह्यांच्या नोंदी जुळवून दाखविल्या, आणि मुदतीच्या अखेरच्या संध्याकाळी अर्ज गेला. तिला शिष्यवृत्ती मिळाली. परंतु ज्यांना शाळेपर्यंत येणारा बाप नव्हता आणि क्रमांक शोधून देणारा लेखनिक भेटला नाही, अशा किती मुलांच्या पडद्यावर ‘नोंद आढळली नाही’ एवढेच उमटून राहिले असेल? तुम्ही जेव्हा असे पान घडवाल, तेव्हा पडद्याच्या पलीकडे बसलेल्या त्या मुलाचे गाव जागच्या जागी आहे, हे आधी गृहीत धरा. आणि मग आपली नोंद कोठे चुकली ते शोधा.

स्वाध्याय

१. आपल्या वर्गातील दहा मुलांची गावे, मंडळे व जिल्हे घेऊन क्रमांक, नाव व पालक असा तक्ता तयार करा.
२. त्याच वृक्षाला प्रदक्षिणेच्या रीतीने आकडे द्या. एक नवे गाव घातल्यास किती आकडे बदलावे लागतात ते मोजा.
३. आजी-आजोबांना त्यांच्या जन्मगावाचा जिल्हा व राज्य तेव्हा कोणते होते ते विचारा आणि ‘पासून’ व ‘पर्यंत’ या तारखांसह नात्यांच्या ओळी लिहा.
४. आपल्या भोवतालची अशी एक गोष्ट सांगा, जिला एकाहून अधिक पालक आहेत व म्हणून जी साध्या वृक्षात बसत नाही.